खाणीवरची निरंक तक्रारपेटी

मित्रांनो, खाणीच्या कचेरीबाहेर टांगलेली मी एक जुनी तक्रारपेटी आहे. हिरव्या पत्र्याची, पोटाला कुलूप असलेली. तुमच्या घरातल्या फोनमध्ये जे खनिज असते, तसले खनिज इथल्या डोंगरातून निघते. ते खणताना माणसांचे हाल होऊ नयेत म्हणून सरकारने नियम केला: खाणीवर तक्रारपेटी असेल, तरच पोत्यांवर ‘निर्दोष खनिज’ असा शिक्का बसेल. म्हणून माझा जन्म. फीत कापली, टाळ्या वाजल्या आणि मला नेमके मुकादमाच्या खिडकीशेजारी टांगले.

आता मुकादमाच्या नाकासमोर चिठ्ठी टाकायला कोण धजणार? कामगार माझ्याकडे मानही वळवत नसत. सहा वर्षे मी उपाशी. दर तीन महिन्यांनी निरीक्षकसाहेब येत. कुलूप गंजलेले, म्हणून मला नुसते हलवून बघत. काही वाजले नाही की वहीत ‘तक्रारी: निरंक’. वर माझे कौतुकही होई.

मला हात लावायची ती एकटी झाडूवाली. रोज पुसायची. तिचा धाकटा भाऊ तिसऱ्या बोगद्यात होता आणि तिथले लाकडी टेकू कुजले होते.

“ताई, छत कुरकुरतंय गं,” तो सांगायचा.

खिडकीतून ऐकून मुकादम हसायचा. “डोंगर आहे, कुरकुरणारच. माझी बायको काय कमी कुरकुरते?”

एके सकाळी पुसता पुसता तिने फडक्याआडून चिठ्ठी आत सरकवली. माझ्या आयुष्यातली पहिलीच. त्याच दुपारी साहेब आले, त्यांनी मला हलवले. कागद कुठला वाजणार? वही निघाली.

झाडूवालीने अंगणातला खनिजाचा खडा उचलला आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडात टाकला.

“आता हलवा, साहेब.”

“हे काय, बाई?”

“वाजतंय ना? मग उघडा.”

“तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, साहेब,” मुकादम खिडकीतून म्हणाला.

“असेल. चिठ्ठी शहाणी आहे, ती वाचा.”

कुलूप तोडावे लागले. बोगदा बंद झाला, टेकू बदलले, भाऊ वाचला. पुढच्याच आठवड्यात झाडूवालीला कामावरून काढले. का, ते कोणी लिहिले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

आता मला नवे कुलूप आहे आणि अंगावर बोटभर धूळ. तिचा भाऊ जाता-येता माझ्याकडे बघतो, पण थांबत नाही. त्यालाही घर चालवायचे आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी निरीक्षक झालेच, तर पेटी हलवू नका, उघडा. आणि चिठ्ठी वाचून झाली की, ती लिहिणारी अजून कामावर आहे का, तेवढे विचारायला पुन्हा एकदा या.