टाकीचे बसलेले गाल

सहाव्या मिनिटापर्यंत सगळं उत्तम.

बोट काठ सोडायची. भावसिंग मोटरीचा दांडा बगलेत धरून मागच्या टोकाला बसायचा, पाणी दोन्ही बाजूंना उलगडत जायचं, आणि मधल्या फळीवर पिशवी मांडीत घेऊन बसलेल्या दीनानाथ बाबूंना वाटायचं की चौतीस वर्षांच्या कारकुनीत आपल्या हातून निदान एक तरी काम झालं. मग

सातवं मिनिट.

आवाज खाली यायचा. एखाद्यानं बोलता बोलता स्वतःच्याच बोलण्याला कंटाळावं, तसा. मोटर खोकायची, दोनदा आचके द्यायची आणि मान टाकायची. तलावाच्या मधोमध शांतता. पलीकडच्या काठावर तांडा दिसतोय, धुणं वाळत घातलेलं दिसतंय, कोणाची शेळी कोणाच्या कुंपणात घुसली तेही दिसतंय. पोचणं तेवढं नाही.

"गेली," भावसिंग म्हणायचा.

"किती मिनिटं झाली?"

"घड्याळ तुमच्याजवळ हाय, बाबूजी. माह्याजवळ वल्हं हाय."

मग वल्हं.

*

थांबा. बोट इथं आली कशी, ते आधी.

कापसाची ती वाईट वर्षं होती. तालुक्याला वरून काय काय येई, त्याची यादी दीनानाथ बाबूंच्याच अक्षरात आहे. दुभत्या गाई आल्या, त्या इथल्या उन्हात दुभत्या राहिल्या नाहीत. शिलाईयंत्रं आली. दुःखी माणसाशी कसं बोलावं हे शिकवणारी माणसं आली. ती स्वतःच इतकी दुःखी दिसत की तांड्यातल्या बायकांनी त्यांना चहा पाजून धीर दिला. आणि सगळ्यात शेवटी एक बोट आली, मोटरीसकट.

ती मात्र आपोआप आली नव्हती. तलाव झाल्यापासून भीमसिंग नाईकाचा तांडा पाण्याच्या पलीकडे पडला होता. जमिनीवरून जायचं तर मुकुटबनच्या रस्त्याला लागेपर्यंत एकोणीस किलोमीटर काळी माती. तीन वर्षांपूर्वी कसली तरी यादी तपासायला दीनानाथ बाबू स्कूटरवरून तिकडे गेले आणि चिखलानं दोन्ही चाकं अशी धरली की स्कूटर ढकलूनही हलेना. भावसिंगची बायको मानीबाई शेतातून आली, खुरप्यानं चाकातला चिखल खरवडून काढला, आणि बाबूंनी पिशवीतून कागद काढायच्या आत म्हणाली, "बाबू, कागद नोको आणू. नाव आण."

"आणतो," दीनानाथ म्हणाले.

जन्मात त्यांनी तोंडी शब्द कोणाला दिला नव्हता. हा एकच. त्यामागे नऊ पत्रं लिहिली, सहा स्मरणपत्रं लिहिली, आणि बोट आली.

आता सोमवारी जिल्ह्याचे साहेब येणार होते. बोट त्यांना घेऊन तांड्यावर गेली आणि परत आली तर इथं राहणार. नाही तर दुसऱ्या तालुक्यात जाणार. आणि त्याच आठवड्यात, एकतीस ऑगस्टला, दीनानाथ निवृत्त होणार. नंतर पत्र लिहायला टेबल नसणार.

*

भावसिंग काही शिकलेला मेकॅनिक नव्हता. पण पंचक्रोशीतले इंजिनाचे फवारणी पंप बंद पडले की त्याच्याच अंगणात येत. त्यानं पहिल्या दिवशी प्लग काढला, घासला, लावला. काठाला खुंटीशी बांधून बोट पाच मिनिटं चालवली. फर्स्टक्लास. तलावात नेली. सातवं मिनिट.

दुसऱ्या वेळी कार्बोरेटर उघडला, बारीक तारेनं साफ केला. काठावर फर्स्टक्लास. तलावात,

बरं. तिसऱ्या वेळी पंख्यात अडकलेलं शेवाळ काढलं. चौथ्या वेळी पेट्रोलची गाळणी बदलली. पाचव्या वेळी मोटरीला नारळ फोडला, कारण मानीबाईनं सांगितलं. आणि सहाव्या वेळी तो नारळ चांगला निघाला नव्हता म्हणून दुसरा.

या प्रत्येक वेळी दीनानाथ बाबूंचं एक वेगळं काम चाले. ते असं: दुरुस्तीआधी टाकीचं टोपण उघडून पेट्रोल पट्टीनं मोजायचं. काठावरची चाचणी झाली की पुन्हा मोजायचं. मग टोपणावर दोरा गुंडाळायचा, त्यावर लाख ओतायची, पितळी शिक्का दाबायचा, आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. पंच म्हणजे भावसिंग आणि मानीबाई.

पेट्रोलजवळ मेणबत्ती नको, एवढी अक्कल बाबूंना होती. म्हणून मेणबत्ती वीस पावलांवर बाभळीखाली. तिथं लाख पितळी चमच्यात वितळवायची आणि थिजायच्या आत बोटीपर्यंत धावायचं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट, हात लांब धरलेला, जीभ दाताखाली.

"लिंबू-चमच्याची शर्यत हाय काय, बाबूजी?" भावसिंग विचारी.

"पयला नंबर तुमचाच," मानीबाई म्हणे. "मांगं कोणीच नाही."

बाबू हसत नसत. एकोणनव्वद साली कचेरीच्या जीपमधून पेट्रोल नाहीसं झालं होतं आणि खुलासा मागितला गेला तो यांच्याकडे. तेव्हापासून त्यांच्या ताब्यात आलेल्या कुठल्याही टोपणाला लाख चुकली नव्हती. त्यांची बायको कुंदाताई शेजारणीला सांगत, "आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडायची तर मला अर्ज करावा लागतो." हे खोटं होतं. पण शेजारणीनं विश्वास ठेवला होता.

*

बाबूंच्या टिपणीतून, जशीच्या तशी:

"टोपण उघडताच फुस्स असा आवाज झाला. यावरून इंधन उत्तम स्थितीत असल्याचे दिसते."

*

रविवार दुपार. अकरावी खेप. मानीबाईला तांड्यावर जायचं होतं म्हणून ती पुढच्या टोकाला बसली होती, डोक्यावरची ओढणी दातात धरून. सातव्या मिनिटाला मोटर थांबली तेव्हा तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती पायाजवळच्या लाल प्लास्टिकच्या टाकीकडे पाहत होती.

"बाबू, हिचे गाल पाहा ना कसे बसले. उपाशी ठेवता काय तिले?"

दीनानाथांनी पाहिलं. टाकीच्या दोन्ही बाजू आत गेल्या होत्या. टाकीतून मोटरीकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोल दाबायचा एक रबरी फुगा होता, तोही चपटा झाला होता.

"टाकी भरलेली आहे, मानीबाई. आत्ताच मोजली. तुम्हीच सही केली."

"भरल्या पोटानं गाल बसत नसतेत."

"रबर हलक्या दर्जाचं आहे. तशी नोंद करतो."

"करा. मले एक सांगा. घरी तेलाच्या पिप्याले भोकं किती पाडता?"

"दोन."

"काहून दोन?"

डबा कुंदाताई फोडत.

"एकातून तेल बाह्यर येते, दुसऱ्यातून हवा अंदर जाते," मानीबाई म्हणाली. "एकच पाडलं त गुळुक गुळुक करते आन बसते."

भावसिंगनं वल्हं अर्ध्यात थांबवलं. बायकोकडे पाहिलं. टाकीकडे पाहिलं. मग टोपणावरच्या लाखेकडे.

"तुमच्या तेलाच्या डब्याला सील नसतं," दीनानाथ म्हणाले.

"थेच त म्हणून राह्यली."

"सीलवर बोलायचं नाही, मानीबाई. बाकी कशावरही बोला."

"बरं," ती म्हणाली. "शेजारच्या तांड्यात लग्न हाय." आणि काठ येईपर्यंत लग्नावरच बोलली, एकदाही टाकीकडे न पाहता.

*

सोमवारी सकाळी फाईल नीट करताना दीनानाथ बाबूंच्या हाताला मोटरीची माहितीपुस्तिका लागली. इंग्रजी होती. त्यांनीच तिला भोकं पाडून, दोरी ओवून फाईलला लावली होती. चौथ्या पानावर टाकीचं चित्र होतं, टोपणाच्या मधोमध एक बाण काढलेला होता, आणि बाणाचं वाक्य असं सुरू होत होतं: सुरू करण्यापूर्वी टोपणातलं हवेचं... पुढं काय, ते कळायला मार्ग नव्हता. पुढं त्यांनी पाडलेलं भोक होतं. गोल, स्वच्छ, कचेरीतल्या नव्या यंत्राचं.

त्या भोकातून खालचं टेबल दिसत होतं. बाबू ते बराच वेळ पाहत राहिले.

आणि तरीही, तासाभरानं काठावर, त्यांनी मेणबत्ती पेटवली. हात सवयीचे गुलाम. धावले. ओतली. दाबला शिक्का.

साहेब तरुण होते. गळ्याशी केशरी जाकीट आवळून बसले होते. त्यांनी लाख पाहिली आणि भुवया उंचावल्या. "वा, दीनानाथजी. अशी शिस्त आता कुठं राहिली नाही."

"चौतीस वर्षं, साहेब," दीनानाथ म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

*

एक. दोन. साहेब तलावाबद्दल विचारतात.

तीन. साहेबांना बगळा दिसतो.

चार. पाच. पलीकडच्या काठावर मानीबाई उभी. ती काल तिकडेच राहिली. हात कपाळाशी धरून पाहतेय.

सहा. टाकीचे गाल बसू लागलेत. भावसिंगला दिसतंय. दीनानाथांना दिसतंय. भावसिंग पाण्याकडे पाहत हळूच म्हणतो, "बाबूजी, घड्याळ तुमच्याजवळ हाय."

सात

*

मोटर खोकली.

साहेबांनी मागं वळून पाहिलं. मोटरीनं एक आचका दिला. दुसरा. मान टाकली. बगळा उडाला.

"काय झालं?"

दीनानाथांनी पिशवीत हात घातला. कागद शिवायची दाभण होती, लाकडी मुठीची, नोकरीच्या पहिल्या महिन्यात घेतलेली. ती काढली. टाकीपुढं गुडघे टेकून बसले. लाखेवर शिक्क्यातले सिंह नीट उमटले होते. इतके नीट क्वचितच उमटत. त्यांनी दाभणीचं टोक बरोबर मधोमध ठेवलं, डोळे मिटले आणि दाबलं.

लाख तडकली. खाली टोपणात बारीक छिद्र होतं, त्यात लाख मुरून बसली होती. दाभण फिरवली.

फुस्स.

पण हा आवाज बाहेर येणारा नव्हता. आत जाणारा होता. बावीस दिवस तो आतच जात होता, आणि बावीस दिवस त्यांनी उलटं लिहिलं होतं. टाकीचे गाल टम्म भरून आले, लोकांदेखत. भावसिंगनं रबरी फुगा दोनदा दाबला, दोरी ओढली, आणि मोटर अशी ओरडली की साहेबांनी बोटीची कड धरली.

"सील का तोडलं?" साहेब त्या आवाजात ओरडले.

"माझ्या लाखेनं तिचं नाक बंद केलं होतं, साहेब," दीनानाथही ओरडून म्हणाले. एवढ्या मोठ्यानं ते आयुष्यात साहेबाशी बोलले नव्हते. "मीच! बावीस दिवस!"

साहेबांना काही ऐकू आलं असावं, काही नसावं. ते हसले. आठवं मिनिट गेलं. नववं. बाराव्याला बोटीचं नाक तांड्याच्या गाळात घुसलं.

*

साहेब तांडा पाहायला वर गेले. परत जातानाही बोट थांबली नाही, आणि बोट इथंच राहणार हे त्यांनी उतरता उतरता सांगितलं. पण ते नंतर. त्याआधी काठावरच्या दगडावर बसून दीनानाथ बाबूंनी मांडीवर कागद घेतला. हस्तांतराच्या यादीत बोट एक, मोटर एक, टाकी एक, वल्ही दोन असं लिहून झालं होतं. खाली त्यांनी लिहिलं: सील एक, फुटलेले. मग: फोडणाराचे नाव, दीनानाथ. कारण, लावणाराची चूक. लावणाराचे नाव, वरीलप्रमाणे.

"पंचाची सही," ते म्हणाले.

मानीबाईनं पेन घेतलं. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. "काय लिवलं, वाचून दाखवा पयले. अकरा येळा तशीच केली."

त्यांनी वाचून दाखवलं. भावसिंग पाण्यात उभा राहून दोर बांधत होता. त्याचे खांदे हलत होते.

मानीबाईनं सही केली, एकेक अक्षर दाबून. मग पेन परत देताना म्हणाली, "बाबू, चहा घेता ना? का किटलीले सील लावू पयले?"