गडग्यातलं खिंडार

डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता माझ्याबरोबर एका परसात या. परसाभोवती पांढऱ्या चुनखडी दगडांचा गडगा आहे, माती-चुना काही न लावता नुसता दगडावर दगड ठेवून रचलेला. मधोमध आंबट संत्र्याचं झाड. त्याच्या सावलीच्या कडेला चार खांब रोवलेत आणि त्यांवर, साधारण तुमच्या हनुवटीच्या उंचीवर, लाकडांचं मचाण बांधलंय. मचाणावर वीतभर काळी माती. मेक्सिकोतल्या युकातानच्या खेड्यांत ह्या मचाणाला कांचे म्हणतात. खाली जमिनीवर बी पेरलं तर कोंबड्या आणि डुकरं तुमच्या आधी जेवून मोकळी होतात, म्हणून बाळरोपांचा पाळणा असा उंच.

आता त्या मातीत तुम्हीच मिरची पेरलीय असं समजा. रोज सकाळी टाचा उंचावून बघताय. नुसती माती. शेजारच्या ओळीत पेरलेली कोथिंबीर वर आली, तिला दुसरी पानंसुद्धा फुटली. मिरचीचा मात्र पत्ता नाही. खरं सांगा, कुणामुळे झालं म्हणाल? स्वतःचं नाव येईल का मनात?

नेयदीच्या घरात तरी आलं नाही.

ती मिरची साधीसुधी नव्हती. लांब, पिवळी, भाजली की आख्ख्या गल्लीला वास जाईल अशी. नेयदीच्या आईने, सोइलाने, लग्न होऊन येताना ती माहेरून आणली होती. पुढे वादळात माहेरचं घर गेलं, परस गेलं, म्हातारेही गेले. माहेर म्हणून उरलं ते एवढंच, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवलेलं मूठभर बी. दरवर्षी पेरायचं, दरवर्षी नवं धरायचं. तुंबा चुलीवर आढ्याला टांगलेला असे. धुराने बी काळपट होई, पण त्याला कीड लागत नसे. सोइलाची आई तसंच करायची, आणि तिचीही आई.

यंदा पेरताना नेयदी तिथेच होती. मिरची रागात पेरावी, तरच तिखट होते, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. सोइलाला मात्र राग पटकन येत नसे.

"येत नसेल राग तर माझ्याकडे बघ," तोमासा आत्या जाळीच्या झोपाळ्यातून म्हणाली. ही नेयदीच्या बाबांची थोरली बहीण. बाबा दूर किनाऱ्यावर हॉटेलांच्या बांधकामावर असत, तेव्हा घराचा कारभार हिच्या जिभेवर चाले.

"नको वन्सं, तुमच्याकडे बघून पेरली तर खाणाराचा जीव जाईल."

"हसू नकोस! गुळचट होतील मेल्या."

तेवढ्यात गडग्याच्या खिंडारातून शेजारची दोन्या फिदेन्सिया आत आली; दोन्या म्हणजे तिकडे थोरल्या बाईला मानाने म्हणतात ते. दोन परसांच्या मधला गडगा एका जागी मुद्दामच मोकळा ठेवलेला होता. विस्तव, मीठ, निरोप, नेयदी, सगळ्यांची ये-जा तिथूनच. दोन्या फिदेन्सिया एकटी राहायची. नेयदीला केस विंचरायला, खोबरं चाखायला आणि नसते प्रश्न विचारायला तेच घर होतं.

दोन्या गिरणीवरून येत होती. डोक्यावर मक्याच्या पिठाची बादली, चेहरा उन्हाने लाल. बादली टेकवली आणि सरळ कांचेवर वाकली.

"अगं बाई, काय माती केलीस गं सोइला! लोणी जणू." आणि तिने मातीतून बोटं फिरवली.

आत्या झोपाळ्यात उठून बसली. उन्हातून तापून आलेल्या माणसाने आधी बसावं, पाणी प्यावं, मग तान्ह्या बाळाकडे, पिल्लांकडे, पेरलेल्या मातीकडे बघावं. तापलेली नजर कोवळ्या जिवाला भाजते. हेही तिथे शेंबड्या पोराला ठाऊक. दोन्या गेल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "बघितलंस?"

कोथिंबीर उगवली आणि मिरची उगवली नाही, तेव्हा आत्याला दुसरं काही बोलावंच लागलं नाही.

"पण माती एकच आहे ना, आत्या?" नेयदीने विचारलं. "पाणीही एकच. मग कोथिंबीर कशी आली?"

"कोथिंबिरीकडे तिने बघितलंच कुठे? मिरचीवरच डोळा होता. कधीपासून होता कोण जाणे."

"वन्सं, राहू दे," सोइला म्हणाली. पण तिने रिकाम्या ओळीकडे पाहिलं, आणि तिचा आवाज खाली गेला. "तुंब्यात आता चिमूटभर उरलंय."

दुसऱ्या दिवशी आत्याने खिंडार बुजवलं. सोइलाने दगड उचलले नाहीत, पण नको असंही म्हटलं नाही. कांचेच्या खांबाला लाल चिंधी बांधली गेली. आणि नेयदीला सांगितलं गेलं, "तिच्याकडून काही घ्यायचं नाही, खायचं नाही. आणि डोळे उघडे ठेवायचे. इकडे फिरकली तर मला सांगायचं."

मुलांनो, संशय हाही एक प्रकारचं बी आहे. त्याला ना माती लागते, ना पाणी. नेयदीला आधी आत्याचं खरं वाटत नव्हतं. पण राखण करायला बसवल्यावर ती बघू लागली, आणि बघू लागल्यावर तिला दिसू लागलं. दोन्या गडग्यापलीकडे उभी राहून इकडे का बघते? हाक मारायची, ती आता का मारत नाही? मनात काही नसेल तर भांडायला का येत नाही? आणि परवा नजरानजर झाली तेव्हा हसली, ते कशाला? मागे एकदा दोन्याने नेयदीकडून तुंबा काढवून घेऊन बी तळहातावर बघितलं होतं. "पेरायच्या आधी बियांना विचारावं गं, जिवंत आहात का म्हणून. ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. जिवंत असेल ते मोड काढून हो म्हणतं." तेव्हा ती गंमत वाटली होती. आता नेयदीला वाटलं, तेव्हाच तर काही केलं नसेल?

मग एका पहाटे, कोंबडे आरवत असताना, तिला मागच्या दाराच्या फटीतून लाल चिंधीजवळ काहीतरी हलताना दिसलं. दोन्या फिदेन्सिया. गडगा ओलांडून आली असावी, कारण झग्याच्या काठाला चुनखडी लागली होती. शालीच्या घडीतून ती काहीतरी काढत होती, बोटाने मातीत भोक पाडत होती, काढलेलं आत सोडत होती आणि भोक बुजवत होती. मिरचीच्याच ओळीत. ओठ हलत होते.

 म्हणजे आत्याचं खरं होतं. आत्याला उठवावं म्हणून ती वळलीसुद्धा. पण आत काय पुरलंय हे आत्या विचारेल, मग आपण काय सांगणार? ती थांबली. दोन्या गेल्यावर ती कांचेपाशी गेली आणि बोटाने माती उकरली.

आत मिरचीचं बी होतं. टपोरं, फिकट पिवळं. काहींतून पांढरा मोड सुईसारखा डोकावत होता. त्याच्याच शेजारी तिला आईने पेरलेलं जुनं बी सापडलं. ते तिने चिमटीत धरलं, तर त्याचा लगदा झाला.

ही मिरची हिच्याकडे कुठून आली? आणि मग तिला आठवलं. गेल्या पितरांच्या सणाला आईने वाडगाभर पिवळ्या मिरच्या शेजारी पाठवल्या होत्या. वाडगा नेला होता नेयदीनेच. आणि दोन्या तर खाल्लेल्या कुठल्याच फळाचं बी टाकत नसे. सगळं राखेत घोळून ठेवायची.

तरी संशय सहजी जातो थोडाच? हिने बियांवर काही मंत्र टाकला असेल तर? नेयदीने दोन्याच्या बियांतली मोड न आलेली थोडी उचलली. तुंब्यातलं उरलेलं चिमूटभर घेतलं. जुन्या परकराच्या दोन चिंध्या ओल्या केल्या, दोन्ही वेगवेगळ्या बांधल्या आणि एकाच डब्यात घालून झोपाळ्याखाली लपवल्या. कुणाला काही बोलली नाही. रोज पाणी शिंपडायची, पण उघडून बघायचा धीर होत नव्हता.

आणि एका सकाळी आत्याची आरोळी आली. "सोइला! अगं ये, बघ!"

मिरचीच्या ओळीत हिरवे आकडे वर आले होते. मान वाकवून, डोक्यावर बियांची टरफलं घेऊन. सोइलाने तोंडाला शालीचं टोक लावलं आणि रडू लागली. आत्याने कमरेवर हात ठेवले.

"सांगत नव्हते? वाट बंद केली, चिंधी बांधली, आणि लगेच! आता तो गडगा आणखी हातभर चढवायचा. बाई सरळ नाहीच मुळी." शेवटचं वाक्य तिने गडग्यापलीकडे जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

गडग्यापलीकडे दोन्या फिदेन्सिया धुणं वाळत घालत होती. तिने कांचेकडे पाहिलं. "आली का?" ती हळूच म्हणाली. "बरं झालं." आणि टोपली उचलून आत गेली.

"ऐकलंस? कसं मेलं थंड बोलते," आत्या म्हणाली.

सोइलाने डोळे पुसले. "असेलही, वन्सं. तुम्ही म्हणता तसं असेलही." आईच्या तोंडून हे नेयदीने पहिल्यांदाच ऐकलं.

ती आत गेली आणि डबा ओढून चिंध्या सोडल्या. एकीत दोन्याचं बी मोडांनी गच्च झालं होतं. दुसरीत तुंब्यातलं बी होतं, काळं, बुळबुळीत, आंबूस वासाचं. एकाही बियाने हो म्हटलं नव्हतं. पण हे बी तर कांचेत गेलंच नव्हतं, उन्हातून आलेलं कुणी त्याच्यावर वाकलं नव्हतं. ते आपल्याच घरात मेलं होतं. केव्हा? कसं?

चिंध्या घेऊन ती स्वयंपाकघरात चुलीपाशी विचार करत बसली, तोवर दुपार झाली होती. घामाची धार मानेवरून उतरली तशी नेयदीने वर पाहिलं. स्वयंपाकघरावर ताडाच्या पानांचं छप्पर होतं, तेव्हा दुपारी इथे सावलीचा गारवा असायचा. गेल्या खेपेला बाबांनी मोठ्या हौसेने पानं उतरवली आणि चकचकीत पत्रे घातले. आत्याने गल्लीभर दाखवत नेले होते ते पत्रे. छप्पर बदललं, तुंब्याची जागा मात्र तीच राहिली. आढ्याला, पत्र्याला टेकून, खाली चूल.

ती ओट्यावर चढली आणि तुंब्याला हात लावला. झटकन मागे घेतला.

बाहेर आत्या गडग्यासाठी दगड निवडत होती. आई कोंबांवर पाणी शिंपडत होती, एकेका कोंबाला थेंब थेंब, जसं काही माहेरच परत आलं होतं. नेयदी दारात उभी राहिली. काही न बोललं तरी चालण्यासारखं होतं. मिरची वाचली होती, आई हसत होती. बाबांचे पत्रे, आत्याची चिंधी, सगळ्यांचं खरं राहत होतं. एका माणसाचं तेवढं खोटं ठरत होतं.

तिने फडक्यात धरून तुंबा उतरवला आणि आईच्या हातात ठेवला.

"अगं, चटका बसला!"

"तो वर असाच असतो, आई. रोज दुपारी." मग तिने दोन्ही चिंध्या कांचेच्या काठावर उलगडून ठेवल्या. "हे आपल्या तुंब्यातलं बी. हे दोन्याचं. ओळीत वर आलंय ते हे. पहाटे येऊन पेरताना मी पाहिलंय तिला."

सोइला चिंध्यांकडे बघत राहिली. आत्याच्या हातात दगड होता. "पहाटे? चोरून?" ती म्हणाली. "बघ, म्हणजे येतच होती! चांगल्या मनाचं माणूस चोरून येतं का?"

 नेयदी बुजवलेल्या खिंडारापाशी गेली, टाचा उंचावल्या आणि वरचा दगड काढून खाली ठेवला. मागून आत्या ओरडली. नेयदीने दुसरा काढला. तिसरा मोठा होता, तो दोन्ही हातांनी धरून ती मागे रेलली आणि ओढू लागली.