हत्याराला सुट्टी

कॉम्प्युटरला कुंकू लावायला प्रज्ञाची हरकत नव्हती. लावा बापडे! पण कुंकू लावून मेन स्विच पाडायचा? चालू काम मधेच मारायचं? खंडेनवमीला दुपारी ती जेवून धुळ्याच्या आपल्या कॉलेजात परतली, तर लॅबला कुलूप आणि कुलपावर झेंडूची माळ. विभागप्रमुख गिरधर सर पेढा पुढे करत म्हणाले, "मॅडम, आता दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही."

प्रज्ञाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणी समिती येणार होती. लॅबच्या जुन्या मशीनवर युनिक्सच्या घराण्यातली सिस्टीम चालायची, पण पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. समितीला तेच दिसलं की मशीन भंगारात आणि लॅब बंद. घरी कॉम्प्युटर नसलेल्या पोरींनी मग शिकायचं कुठे? पडद्यावर चित्रं दाखवणारं तयार सॉफ्टवेअर या म्हाताऱ्या मशीनवर चालेना, म्हणून तिने त्याचा मूळ कोड नेटवरून उतरवून तिथेच कंपाइल करायला, म्हणजे त्या मशीनला चालेल अशा रूपात बदलायला, लावला होता. सकाळपासून ते बिचारं रखडत रखडत चाललं होतं. आणि यांनी वीजच घालवली!

दसऱ्याला विहारातली वंदना आटोपून ती पांढऱ्या साडीतच सरांच्या घरी धडकली. सरांनी आपट्याची पानं पुढे केली.

"सोनं नको, सर. चावी द्या."

"अहो, रीत असते. आज हत्याराला विश्रांती."

तेवढ्यात सरांची बायको, रत्नाताई, पुरणाच्या हातांनी बाहेर आली. "इश्रांती? आनि मना लाटणानी पूजा करी का तुमीन?" संतापली की ती अहिराणीवर यायची. "सकाळपासून पोळ्या लाटतेय. तेव्हा नाही आठवली रीत!"

रत्नाताईंनी खुंटीवरची चावी काढून प्रज्ञाच्या हातात दिली. चावीला पुरण लागलं होतं.

लॅबमध्ये प्रज्ञाने अर्धवट राहिलेली फाइल पुसली आणि कंपाइल पुन्हा सुरू केलं. आधी झालेलं काम शाबूत होतं. उन्हं कलता कलता पडद्यावर पहिली खिडकी उघडली, तशी ती एकटीच ओरडली, "जमलं गं बाई!"

दुसऱ्या दिवशी समितीने लॅब चालू ठेवायला मान्यता दिली. गिरधर सर छाती फुगवून म्हणाले, "हा आमच्या पूजेचा गुण."

"तर काय!" प्रज्ञा सगळ्यांसमोर म्हणाली. "फक्त रत्नाताईंच्या लाटण्याची पूजा राहिलीय, सर. त्याला सुट्टी कधी देताय?"