आपल्याच खटल्यात

"जजबाई, बटण दाबा की!" शेजारच्या बाकावरून ओडिस टॅकेट कुजबुजला. डुकरं पाळणारा माणूस. आमदारकीची तिसरी खेप चालली होती, तरी आवाज अजून डुकरांच्या कुंपणापाशी हाक मारल्यासारखाच. त्याची कुजबुज चार रांगांना ऐकू गेली.

व्हर्नेल प्रुइटचं बोट बटणावर होतं, पण खाली जात नव्हतं. भिंतीवरच्या फलकावर हिरवे आणि लाल दिवे सारखेच झाले होते. बरोबरी झाली की विधेयक पडणार. मत द्यायची राहिली होती ती एकटीच.

विधेयक तिचं स्वतःचं, पहिलंच. लहान मुलांना बेड्या घालून कोर्टात आणायचं नाही, एवढंच त्यात होतं. वीस वर्षं जिल्ह्याच्या न्यायासनावर बसून तिनं अशी मुलं पाहिली होती. कुणी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पळवलेला, कुणी नुसती शाळा बुडवलेली. बेड्या काढायला सांगितलं की जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, शेरीफ, म्हणायचा, "कायदाच तसा आहे, जजबाई. बदलायचा तर राजधानीत जा."

शेवटी ती खरंच गेली. राजीनामा दिला, चर्चच्या जेवणावळींत तळलेली कोंबडी वाढत मतं मागितली आणि निवडून आली.

नव्या आमदाराच्या पहिल्या विधेयकाची टर उडवायची इथली रीत. सकाळी ती हौसही सगळ्यांनी भागवून घेतली होती.

"विरोधात मत दिलं तर आत टाकाल का हो?" एकानं विचारलं होतं.

"आधी तुमची बाजू ऐकीन," ती म्हणाली होती. सगळे हसले होते. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी आता लाल बटण दाबलं होतं.

"अरे ओडिस, ज्यात आपला जीव अडकलाय त्याचा निवाडा आपण करू नये," ती हळूच म्हणाली. "अशा प्रत्येक खटल्यातून मी बाजूला झालेय."

"ते कोर्टात! इथं जो तो आपल्याच खटल्यात बसलाय. डुकरांच्या कायद्याला मी मत दिलं, तेव्हा बाजूला झालो होतो का? जीव अडकलाय म्हणून तर लोकांनी पाठवलं तुम्हाला!"

व्हर्नेलला हसू आलं. तिनं बटण दाबलं. फलकावर आणखी एक हिरवा दिवा लागला आणि मतदान बंद झाल्याची घंटा वाजली.

सभापतींनी निकालाचा कागद हातात घेतला. व्हर्नेल उठून उभी राहिली.

"आता काय? बसा हो, इथं निकाल बसूनच ऐकतात," ओडिस म्हणाला.

"माझ्यासमोर एवढीएवढीशी पोरं उभ्यानं ऐकायची," ती म्हणाली.

आणि हात सरळ सोडून, ताठ मानेनं, सभापती वाचतील ते ऐकत राहिली.