तिसरा आग्रह

आमच्याकडे आयर्लंडात चहा विचारला की माणूस आधी "नको" म्हणतो, मग "उगीच कशाला त्रास" म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की खुर्ची ओढून बसतो. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट ठरतो. लॉर्कन आणि फिंटन हे दोघे जुने मित्र मिझेनपासून मालिनपर्यंत, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सायकलवर निघाले होते आणि या रिवाजाच्या जिवावर अकरा दिवस दारोदारी चहा ढोसत होते.

"तिसऱ्यांदा विचारायच्या आत तुझा पाय उंबऱ्याच्या आत असतो, लेका," फिंटन चिडवायचा.

बाराव्या दिवशी ग्लेनगेशच्या घाटात चढावर फिंटन मागे पडला. उतरून हँडलवर ओणवा झाला. चेहरा पांढराफटक.

"थांबू का?" लॉर्कनने विचारलं.

"छे रे! हो पुढे."

"नक्की?"

"जा म्हटलं ना. घाटाखाली आर्डारा गावात जाऊन चहा सांगून ठेव."

पाऊस भुरभुरत होता, लॉर्कनला कडकडून भूक लागली होती. तो गेला. आर्डाराला त्याने दोन कप मांडून घेतले. चहा निवला. मग खिडकीसमोरून अँब्युलन्स घाटाकडे गेली. फिंटन होता तिथेच, रस्त्याच्या कडेला एका मेंढपाळाला सापडला होता. जीव केव्हाच गेला होता.

दफनानंतर चार दिवसांनी लॉर्कन फिंटनची सायकल पोचवायला त्याच्या घरी गेला. नोरीनला, फिंटनच्या बायकोला, खरं सांगायचंच होतं. नाही सांगितलं तर त्याला या घरात तोंड दाखवता येणार नव्हतं. सांगितलं तर ती दारात उभं करील की नाही, कोण जाणे.

"चहा घेशील?" तिने विचारलं.

"नको."

"अरे, घे ना घोटभर."

"नको, नोरीन." त्याने मान खाली घातली. "मी त्याला तिथे टाकून गेलो गं. थांबू का म्हणून विचारलं होतं. नको म्हणाला."

"किती वेळा विचारलंस?"

लॉर्कनची मान वर होईना.

"दोनदा."

नोरीनने किटली खाली ठेवली. फिंटनचं "नको" तिने चाळीस वर्षं ऐकलं होतं. ती पाठ फिरवून उभी राहिली आणि तिचे खांदे गदगदू लागले. लॉर्कन टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला.

बऱ्याच वेळाने ती, न वळताच, म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारतेय, लॉर्कन. चहा घेशील?"

"हो," तो म्हणाला.

इतकं सोपं होतं तिसऱ्यांदा विचारणं.