तिसरी पळी

मी लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या कारखान्यात पाकावर असतो. पाकावर म्हणजे गुळाची कढई माझ्या ताब्यात. बाकीचे पाण्यात थेंब टाकून बघतात. मी नुसत्या वासावर सांगतो, आता शेंगदाणे टाका. एकवीस वर्षांत माझी कढई कधी करपली नव्हती. या श्रावणात दोनदा करपली. शेठ काही बोलला नाही, फक्त मला पॅकिंगला बसवलं. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

कारण घरी होतं. माझी समीक्षा, बारावीची पोर, जूनपासून अंथरुणातून उठत नव्हती. पुस्तक उघडलं की हात थरथरायचे. चार-चार दिवस आंघोळ नाही, ताटातली भाकरी तशीच. आधी मी ओरडलो. मग मोबाईल काढून घेतला. मग समजुतीने सांगितलं, म्हणजे पुन्हा ओरडलोच, जरा हळू आवाजात. शेवटी तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे नैराश्य आहे, आळस नव्हे. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, रोज सकाळी तिला अर्धा तास चालवा, उजेडात, माणसांत न्या.

माणसांत! इथेच माझी गोची झाली होती. तोवर मी आमच्या गावात, बेडशात, सांगून बसलो होतो की समीक्षा पुण्याला असते.

त्याचं असं झालं. वर्षावासाचे म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी बुद्धविहारात धम्माचा ग्रंथ वाचतात आणि सहावीपासून ते वाचन समीक्षाकडेच. तिच्यासारखं वाचणारं वस्तीत कोणी नाही. हे मी बाप म्हणून बोलत नाही, विहाराचं सगळं बघणारे गेणूआबाही तेच म्हणायचे. पहिल्याच दिवशी आबांनी विचारलं, "कैलास, पोरगी कुटं हाय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पुण्याला. नर्सिंगला लागली." बारावी व्हायच्या आत नर्सिंगला! पण कोणी उलट विचारलं नाही. मला वाटलं, पचलं.

मग त्या खोट्याची चाकरी सुरू झाली. शालन, माझी बायको, पोरीचे कपडे घरातच वाळत घालायची. पावसाळ्यात ते वाळायचे नाहीत, घरभर कुबट वास. कोणी दारात आलं की समीक्षाने मागच्या खोलीत जायचं आणि खोकायचंसुद्धा नाही. शालनने बायकांत बसणं सोडलं, माहेरी जाणं सोडलं. "समी आजारी हाय का आपुन, तेच कळंना झालंय," असं ती एकदा म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. हल्ली मला दुसरं येतच काय होतं?

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावर मी तोडगा काढला. समीक्षाने तोंडाला स्कार्फ गुंडाळायचा, डोळे तेवढे उघडे, माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचं आणि थेट भुशी धरणाचा रस्ता. तिथे पर्यटकांच्या गर्दीत कोण कोणाला ओळखतं? रोज कुठलं जमायला, आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी. मी मक्याचं कणीस घेऊन द्यायचो, ती चार दाणे खायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी काय चोरी केलीय का?"

"तुझ्याच भल्यासाठी चाललंय," मी म्हणालो. एवढं मोठं खोटं मी विहारातही बोललो नव्हतो.

दर पौर्णिमेला विहारात खीर असते. वाढायला आमच्या समोरच्या घरातली झुंबरमावशी. घरी न्यायच्या डब्यात माणशी एक पळी. माझ्या डब्यात ती तीन टाकायची.

"मावशी, आमी दोघंच हाय आता."

"व्हय रं, इसरले," म्हणायची, पण तिसरी पळी डब्यातच. म्हातारीला विसर पडायला लागला, असं मी घरी येऊन सांगायचो. समीक्षा ती खीर मात्र चाटूनपुसून खायची.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. तीन महिने आबांनी चष्मा सावरत, अडखळत ग्रंथ ओढला होता. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "शेवटचं पान दरवर्षी समीक्षा वाचती. यंदा तिच्या बापानं वाचावं."

नाही कसं म्हणणार? मी माईकसमोर उभा राहिलो. आणि नेमकं आठवलं, शालन काय म्हणाली होती ते. विहाराचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. समीक्षा रोज खिडकीखाली बसून ऐकते आणि आबा चुकले की हळूच, स्वतःशी, बरोबर करते. म्हणजे आत्ताही ती ऐकत असणार. अक्षरं दिसेनात मला.

"पोरगी पुण्याला न्हाई," मी म्हणालो. माझाच आवाज वस्तीभर घुमला. "घरातच हाय. आजारी हाय, मनानं. मी खोटं बोललो. तिचं काय बी चुकलं न्हाई. लाज मला वाटत व्हती." आणि सगळ्यांदेखत मला रडू फुटलं.

मग खिरीच्या पातेल्याजवळून झुंबरमावशी म्हणाली, "मंग तिसरी पळी मी कुनाला वाढत व्हते रं, येड्या?"

खरं सांगतो, आधी मला रागच आला. आम्ही तीन महिने घरात कुजलो आणि या सगळ्यांना ठाऊक! आबांनी माझ्या हातातून ग्रंथ घेतला. "तुला सांगायचं तवा तू सांगशील, आसं वाटलं आमाला," म्हणाले आणि शेवटचं पान त्यांनीच वाचलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. मी मोटारसायकल काढलीच नाही. समीक्षा दारात आली, हातात घडी घातलेला स्कार्फ.

"राहू दे तो," मी म्हणालो. "चालत जाऊ. वस्तीतनंच."

ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला चालेल?"

माझी पोर इतके दिवस तो स्कार्फ माझ्यासाठी बांधत होती. मी तो तिच्या हातातून घेतला आणि त्यानेच डोळे पुसले.

नळावर झुंबरमावशी हंडा भरत होती. तिने कसं आहेस, काय होतंय, काही विचारलं नाही. "समे," म्हणाली, "काल आबा कितींदा चुकला गं?"

समीक्षा थांबली. वस्तीतल्या माणसाशी ती जूननंतर पहिल्यांदाच बोलली. "तीनदा, आजी."

विहारापर्यंत गेलो आणि ती दमली, म्हणून परत फिरलो. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा उठली आणि आम्ही फेरी मारली. घरी आलो तेव्हा शालन अंगणातल्या दोरीवर तिचा पिवळा ड्रेस वाळत घालत होती.