अर्ध्या माणसाचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना अर्धा माणूस आहे. डोकं, मान आणि छाती, बस्स. त्याखाली मला काही दिलेलंच नाही. कारखान्यात मला रबर आणि प्लॅस्टिकपासून घडवलं, छातीत स्प्रिंग बसवली, आत एक पातळ पिशवी ठेवली आणि तिलाच फुप्फुस म्हटलं. श्वास थांबलेल्या माणसाला कसं वाचवायचं, हे लोकांनी माझ्यावर शिकावं, म्हणून माझा जन्म. थोडक्यात काय, मरून पडणं हेच माझं काम!

वैशाखरे गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मी आलो, तेव्हा माझं कौतुक काय विचारता! पौर्णिमा सिस्टरने मला चौकड्यांचा शर्ट घातला. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे मच्छरदाण्यांच्या गठ्ठ्याखाली माझी रवानगी झाली. तिथे पडल्यापडल्या मला एकच कोडं पडायचं. माझ्यात भरलेला श्वास लगेच निघून जातो. मग खऱ्या माणसात तो टिकतो कसा?

गेल्या उन्हाळ्यात सिस्टरने वरच्या वाडीतल्या लोकांना शिकवायला बोलावलं आणि मला बाहेर काढलं. छाती दाबायला सगळे पुढे. भात झोडणारे हात ते, त्यांना कसली भीती! पण तोंडाला तोंड लावून श्वास द्यायची वेळ आली आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. शेवटी लहानीबाई उठली. दारात उभा असलेला भगीरथ लगेच ओरडला, "काय गो वयनी, पुतल्याचा मुका घेतेस?"

सगळे खो खो हसले. लहानीबाईला राग आला. तिचा जन्म फुंकणीने चूल पेटवण्यात गेलेला. तिने छाती भरून अशी फुंक मारली, की माझी पिशवी फट्कन फाटली.

"चूल नाय पेटवायची, लहानीताई!" सिस्टर म्हणाली. "जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते. डोकं मागं, हनवटी वर, नाक चिमटीत. छाती वर आली का बस."

तिने पिशवीला चिकटपट्टी लावली. लहानीबाई हट्टाने पुन्हा बसली. छातीच्या मधोमध तीस वेळा जोरात आणि भरभर दाबायचं, दर खेपेला छाती पुरती वर येऊ द्यायची, मग दोन श्वास. हळूहळू तिची फुंक मऊ झाली. माझी छाती अलगद वर आली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढचं मी पाहिलं नाही. सिस्टर आणि लहानीबाई माझ्यासमोर बोलत होत्या, तेव्हा ऐकलं. पावसाळा सरल्यावर भगीरथ बंधाऱ्यात मासे धरायला उतरला आणि जाळ्यात पाय अडकून बुडाला. बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. आपल्याकडे बुडालेल्याला खांद्यावर उलटा टाकून पळवायची रीत. त्याच्याबरोबर मासे धरणाऱ्या सोमाने त्याला तसाच उचलला. काठावर कपडे धुणारी लहानीबाई धावत आली.

"खाली निजव त्याला!"

"आगो, पोटातला पाणी काढाय पायजे!"

"पाणी ऱ्हाऊ दे रे! आदी श्वास पायजे त्याला!"

कुणीतरी १०८ ला फोन लावला. लहानीबाईने भगीरथाच्या तोंडाला तोंड लावलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दोन श्वास, मग दाब, पुन्हा श्वास. तिचे हात भरून आले तेव्हा तिची मुलगी रविना दाबायला बसली. भगीरथाचे ओठ काळेनिळेच होते. सोमा रडायला लागला. दोघी थांबल्या नाहीत. आणि भगीरथ खोकला! त्यांनी त्याला कुशीवर वळवलं. मग गाडी आली आणि त्याला मुरबाडच्या दवाखान्यात नेलं.

परवा पुन्हा वर्ग भरला. भगीरथ दारात उभा न राहता थेट माझ्याजवळ गुडघे टेकून बसला.

"काय रं भगीरथा," लहानीबाई म्हणाली, "आता मुका कोण घेतो?"

तो लाजला. मला त्याला विचारायचं होतं, श्वास परत आला तेव्हा कसं वाटलं रे? पण मला बोलता येत नाही. त्याने डोळे पुसले, माझं नाक चिमटीत धरलं आणि जीव खाऊन फुंकलं.

"चूल नाय पेटवायची!" सगळी वाडी एका सुरात ओरडली.

माझी पिशवी पुन्हा फाटली. मित्रांनो, रुसलो नाही मी. फक्त एक नवी पिशवी आणा, मला गठ्ठ्याखाली ठेवू नका आणि माझ्यासमोर बसायला लाजू नका. मी कितीही वेळा मरेन. तुमच्या माणसाला एकच जीव आहे.